शुक्रवारचं वेगळं, शनिवारचं वेगळं

एल्डर क्रीक, आयोवा
२० सप्टेंबर २०१५

प्रिय कोरीन,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं. ‘फोन करू नकोस. लिहायचं असेल तर लिही. जूनी आता दुसरीत आहे, फोटो ठेवलाय.’ बस, एवढंच. आमचा पोस्टमनसुद्धा याहून जास्त बोलतो. पण कुरकुर करायची नाही असं मी ठरवलंय, तेव्हा ही शेवटची.

फोटो फ्रिजच्या दारावर लावलाय. पुढचा दात पडलाय आणि हनुवटी थेट तुझ्या बाबांची. हार्लन असता तर फोटो खिशात घालून गावभर हिंडला असता. फोटोच्या पाठीवर तू दोन ओळी लिहिल्यास त्या मला जास्त लागल्या. गेल्या हॅलोवीनला पोरगी पिशवी भरून घरी आली आणि सगळंच्या सगळं शेजारच्या मुलांना वाटून मोकळी झाली. प्रत्येक चॉकलेटच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं ना, कारखान्यात बदाम-अक्रोडांचा संपर्क आला असू शकतो म्हणून. सात वर्षांच्या पोरीने दारोदार हिंडायचं आणि स्वतःच्या तोंडात काही घालायचं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. फळाला वेष्टन नसतं. गाजर कारखान्यात होत नाही. मी या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली आहेत, फळं-भाज्यांचा असा हॅलोवीनचा खाऊ करीन की चॉकलेटवाले तोंडात बोटं घालतील. तू फक्त जूनीला घेऊन ये. माझ्या दारात उभं राहून तिला खाता येईल, तिथल्या तिथे, पोटभर.

तुझ्या मनात तीन वर्षांपूर्वीचा तो ईस्टर आहे, मला ठाऊक आहे. तो केळ्याचा ब्रेड माझ्याच हातचा होता, हे मी कधी नाकारलं नाही. पिठाच्या डब्यात आधीचा अक्रोडाचा चुरा राहिला असणार. अडुसष्टाव्या वर्षी माणसाच्या हातून एवढं व्हायचंच.

तुझी,
आई

एल्डर क्रीक
९ ऑक्टोबर

प्रिय कोरीन,

उत्तर आलं नाही तरी लिहितेय. तू लिही म्हणालीस, मी लिहितेय.

केळ्याची भुतं पहिल्या दिवशी फसली. अर्धं केळं उभं करायचं, मनुकांचे दोन डोळे लावायचे, झालं भूत. पण पंधरा मिनिटांत ती सगळी काळी पडली आणि ताटात भुतांऐवजी प्रेतं दिसायला लागली. आता लिंबाचा रस चोळते. संत्री सोलून मधोमध सेलरीचा देठ खोचला की हुबेहूब छोटे भोपळे होतात. ढोबळी मिरचीला डोळे-तोंड कोरून आत काकडीच्या फोडी भरल्या. गाजराची बोटं मात्र खरी जमली आहेत. गाजर तासून बोटाएवढं करायचं, सांध्याच्या जागी सुरीने तीन रेघा मारायच्या आणि टोकाला चिजाच्या ठिपक्यावर नख बसवायचं. इर्मा शेजारून आली, ताटाकडे बघितलं आणि दारातच थांबली.

“अगं व्हर्ना, पोरं हे बघून पळत सुटतील.”

“हॅलोवीनला पळतच सुटायचं असतं.”

“आणि नखं कसली लावलीस ही?”

“मुळ्याची चकती. मासिकात बदामाचे काप सांगितलेत. पण जूनीसाठी बदाम नकोत.”

इर्मा खुर्चीत बसली आणि गाजर तासायला लागली. ती गप्प बसली की समजायचं, काहीतरी शिजतंय. तुला माहीतच आहे ती कशी आहे, काहीबाही बोलते, मी कानाडोळा करते.

खरं सांगू का, हे ॲलर्जीचं प्रकरण अजून माझ्या डोक्यात नीट शिरत नाही. एकतीस वर्षं रोज चारशे पोरं जेवून गेली माझ्या हातची. एकालाही कधी शेंगदाण्याने काही झालं नाही. की झालं, आणि आम्हाला कळलं नाही, देव जाणे. पण तू म्हणतेस ना, मग नाही तर नाही.

मागच्या पत्रात मी पिठाचा डबा म्हणाले का? डबा नव्हे. चाळणी असणार. चाळणीच्या कडेला चुरा अडकतो.

आई

एल्डर क्रीक
२२ ऑक्टोबर

कोरीन, माझ्या बाळा,

आज तुझं कार्ड आलं. मी दारातच, हातमोजे न काढता वाचलं. ‘आई, झालं ते झालं, चूक कुणाचीही होते. हॅलोवीनला संध्याकाळी सहाला जूनीला घेऊन तुझ्या दारात उभी राहते. तिला सांगितलंय, दुसऱ्या कुणाकडचं काही खायचं नाही, फक्त आजीच्या दारात खायचं.’

मी रडले. लपवत नाही.

आता नीट ऐक, म्हणजे तुला काळजी नको. इथे पोरं तीस तारखेलाच येतात. आपली ‘मागत्यांची संध्याकाळ’ तू विसरली नसशील, सहा ते आठ, दारात एक विनोद सांगायचा आणि मग खाऊ. पण वीस वर्षं शिकागोत काढलीस तू, तुमचं हॅलोवीन एकतीसचं. शनिवार आहे, तुला सुट्टी, जूनीलाही शाळा नाही. उत्तमच. गर्दी नसेल, माझं दार फक्त तुमच्यासाठी.

शुक्रवारी गावच्या पोरांना द्यायचं ते वेगळं आणि शनिवारी जूनीचं वेगळं. हल्ली घरी केलेला खाऊ कुणी पोरांना खाऊ देत नाही, पण आमच्या गल्लीतले निम्मे आईबाप माझ्याच हातचं खाऊन मोठे झालेत, ते काय बोलणार! इर्माने बदामाच्या कापांची मोठी पिशवी आणून ठेवली आहे. म्हणे, मुळ्याची नखं दोन तासांत मऊ पडतात, बदामाची खरी वाटतात. शुक्रवारच्या बोटांना ती लावू. शनिवारी सकाळी ओटा, ताटं, हात, सगळं गरम पाण्याने घासून काढीन. जूनीसाठी नवी सुरी आणि नवा पाट आणलाय, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. शाळेच्या तपासनीस बाईंना माझ्या स्वयंपाकघरात कधी एक डाग सापडला नव्हता, आठवतंय ना?

दारातले भोपळे आत्ताच मऊ पडायला लागलेत. यंदा ऊब फार. एकाचं तोंड आत वळलंय.

वाट बघतेय.
आई

एल्डर क्रीक
२८ ऑक्टोबर

कोरीन,

हे पत्र तू शांतपणे बसून वाच. जूनी जवळ नसताना.

तू लिहिलंस, ‘चूक कुणाचीही होते.’ त्या दिवसापासून मला झोप नाही. काल इर्मा गाजरं तासायला बसली होती. तीन वर्षं जे बोलायचं टाळत होती ते बोलली.

“व्हर्ना, डबा होता की चाळणी?”

“चाळणी.”

“त्या ईस्टरला सकाळी माझ्याकडून मूठभर अक्रोड नेले होतेस. मी विचारलं कशाला, तर म्हणालीस, खारीला घालायला. तुझ्या अंगणात खार कुठली गं?”

मी उठले आणि नळ सोडला, म्हणजे काही ऐकू येऊ नये. ती माझ्या पाठीशी येऊन म्हणाली, “मला नको सांगूस. कोरीनला सांग. ती तुला माफ करून येतेय आणि कशाला माफ करतेय ते तिला माहीतच नाही.”

तर सांगते. डबा नव्हता, चाळणी नव्हती. मी तीन अक्रोड कुटले, अगदी पिठासारखे केले आणि त्या ब्रेडमध्ये घातले. मला वाटायचं हे सगळं तुझ्या डोक्यातलं खूळ आहे. तू चार वर्षांच्या पोरीला माझ्या हातचं काही खाऊ देत नव्हतीस, दर वेळी ‘यात काय आहे, त्यात काय आहे’, सगळ्यांसमोर. मी ठरवलं, पोरगी खाईल, खेळेल, काहीच होणार नाही आणि मग जेवणाच्या टेबलावर मी म्हणेन, बघ. एवढंच म्हणायचं होतं मला. बघ.

आणि अजून एक, हे इर्मालाही माहीत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ब्रेडमध्ये काय काय होतं? पोरीचे ओठ निळे पडले होते आणि मी म्हणाले, केळी, मैदा, साखर, अंडी. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. वीस मिनिटं ते दुसरंच कारण शोधत बसले. ती वाचली ती डॉक्टरांमुळे. माझ्यामुळे नव्हे.

हे पत्र आजच टाकतेय, म्हणजे निघण्याआधी तुझ्या हातात पडेल. वाचून यायचं नसेल तर येऊ नकोस, मी काही म्हणणार नाही. पण यायचं असेल तर खरं कळून ये.

आई

दवाखाना, दुसरा मजला
३१ ऑक्टोबर, दुपार

कोरीन,

तू आत जूनीजवळ आहेस, मी बाहेर बाकावर. नर्सबाई म्हणाल्या, एका वेळी एकच जण. जूनीची नळी सकाळी काढली, आता ती आपल्या आपण श्वास घेतेय, हे त्यांनीच मला सांगितलं. मी त्यांचा हात धरला तर त्या म्हणाल्या, “आजी, बसा तुम्ही, पडाल.”

तू काल गाडीतून पाहिलंस. माझ्या बाजूने काय घडलं तेही तुला कळायला हवं.

साडेपाचपासूनच पोरांची रीघ लागली होती. इर्मा आत ताटं भरत होती, मी दारात. बँकेतल्या बाईंचा मुलगा भोपळा बनून आला होता. म्हणाला, “भोपळ्याला गणितात किती मार्क मिळाले?” मी म्हटलं, किती रे बाबा? “भोपळा!” त्याने दोन बोटं उचलली आणि नखं आधी चावून खाल्ली. सगळी पोरं नखंच आधी खात होती. मला फार बरं वाटलं. हसत होते मी, कोरीन.

मग दोन जुळ्या चेटकिणी, मग एक अवकाशवीर आणि त्यांच्यामागे कोल्ह्याचा कागदी मुखवटा घातलेली एक पोरगी. लाल कोट. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी होती, दिवे चालू होते, पण काल प्रत्येक कोपऱ्यावर गाड्या होत्या. तुझी गाडी मी कधी पाहिलेली नाही.

ती म्हणाली, “सांगाडा अंधारात जायला का घाबरतो?”

“का गं?”

“त्याला काळीजच नसतं!”

विनोद सांगताना ती घाईत नव्हती, इतर पोरांसारखी ताटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, गोड आहे हो कुणाची तरी. मी ताट पुढे केलं. तिने हात मागे घेतला आणि विचारलं, “हे मी खाल्लं तर चालेल ना?”

तसं काल कुणीच विचारलं नव्हतं. एकट्या तिनेच विचारलं. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? “खा गं राणी, सगळं भाजी-फळंच आहे.”

तिने मुखवटा कपाळावर सरकवला आणि गाजराचं बोट तोंडात घातलं. पण मागून तिघं चौघं आले होते, मी त्यांच्याकडे वळले होते. हनुवटी दिसली ती ओझरती, आणि ती कळायला मला एक क्षण लागला. एकच. तोवर तू गाडीचं दार उघडून ओरडत येत होतीस, “आई, ओळखलंस की नाही?” हसत येत होतीस. आणि मग ताटाकडे बघितलंस.

तू जवळचं ॲलर्जीचं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलंस. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, काय खाल्लं? मी त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत म्हणाले, “बदाम. गाजरावर बदाम, एक काप, कदाचित दोन.” या वेळी सांगितलं. लगेच सांगितलं.

सकाळी नळी काढल्यावर तू बाहेर आलीस आणि माझ्याशेजारी बसलीस. तू माझं पत्र वाचूनही आलीस, असं समजून मी काही बोलायचं धाडस करत नव्हते. तू म्हणालीस, “आई, चूक माझीसुद्धा आहे. इथे जन्मले मी. हॅलोवीन म्हटलं की माझ्या डोक्यात आपली तीस तारीखच येते. तुझ्या गावाला येतेय म्हणजे तुझ्याच दिवशी यायचं, असं मला वाटलं. तुझं पत्र मी घाईत वाचलं, शनिवार दिसला तो परत निघायचा दिवस समजले, बदामांची ओळ तर वाचलीच नाही. चल आई, आपण दोघीही मूर्खच.”

आणि मग तू माझा हात हातात घेतलास. तीन वर्षांनी. म्हणालीस, “ईस्टरनंतर माझ्या मनात फार वाईट यायचं. वाटायचं, हिने मुद्दाम केलं. तुला सांगू नये, पण वाटायचं. काल तुझा चेहरा बघितला आणि कळलं, तू असलं काही करणार नाहीस. माफ कर मला.”

पत्र तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. तू काल दुपारी बारालाच निघालीस, टपाल यायच्या आधी. ते तुझ्या टपालाच्या पेटीत पडलंय.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आतून जूनी खोकली, तू धावलीस आणि मी बाकावर बसून राहिले. हा कागदही मी तुला देणार आहे की नाही, मला माहीत नाही.

आई

गाडीत, मागच्या सीटवर
१ नोव्हेंबर

कोरीन,

तू पुढे गाडी चालवतेयस, जूनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. पेन घसरतंय, अक्षर वाईट आलं तर समजून घे.

तू म्हणालीस, “आई, चल आमच्याबरोबर. महिनाभर राहा, तिला तुझी सवय होऊ दे.” मी लगेच हो म्हटलं, तू हसलीस. कपडे घ्यायला मी घरी गेले तेव्हा इर्मा ओटा घासत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, बदाम तिने आणले म्हणून. मी तिला म्हटलं, तू फक्त आणलेस, ताटात मी येऊ दिले. मग पत्र न वाचताच तुझ्या पेटीत पडलंय, ते सांगितलं. तिने फडकं खाली टाकलं.

“जा तू,” ती म्हणाली. “तिच्या आधी पेटीपर्यंत पोच. पोरीला उचलून तिला जिना चढायला पाच मिनिटं लागतील, तू खालीच थांब.”

“त्या दिवशी तूच म्हणालीस, कोरीनला सांग.”

“तेव्हा बदाम नव्हते झालेले, व्हर्ना! आता ते वाचून ती काय समजेल? एकदा मुद्दाम केलंस, म्हणजे दोनदाही. तारखेची चूक, मुखवटा, कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला असता का?”

तिचं खरं आहे. मी आयोवापासून इलिनॉयपर्यंत हाच विचार करत आले आहे. शुक्रवारी मी खरंच ओळखलं नाही तुझ्या पोरीला. पण ते पत्र वाचल्यावर तुला कसं कळणार? मलाही आता माझंच खात्रीने सांगता येत नाही. ज्या बाईला जूनी येणार म्हणून नवा पाट आणायचं सुचलं, तिने बदाम घरात येऊच कसे दिले? मला दुसऱ्या दिवसाची खात्री होती, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे. ते पुरेसं नाही, मला दिसतंय.

जूनीने मघाशी डोळे उघडून विचारलं, “आजी, शनिवारचं कुठे आहे? आई म्हणाली, तू माझ्यासाठी वेगळं करणार होतीस.” मी म्हटलं, करीन बाळा. ती म्हणाली, “भूत पण?” भूत पण, मी म्हटलं. आणि ती परत झोपली, माझा अंगठा मुठीत धरून. इतक्या विश्वासाने माझा हात कुणी धरल्याला खूप वर्षं झाली. तीन नव्हे, त्याहून जास्त.

मला हे सोडायचं नाही, कोरीन. मी भीतीने अर्धी झाले आहे. पेटीतून एक पाकीट काढायचं, कोटाच्या खिशात घालायचं, एवढंच काम आहे. मग तुझी-माझी नाताळं, तिचे वाढदिवस, सगळं मिळेल. आणि दर वेळी तिच्या पुढ्यात ताट ठेवताना तू माझ्याकडे विश्वासाने बघशील, आणि मला माहीत असेल की त्या विश्वासावर माझा हक्कच नाही. तुला सावध राहायचं असेल तर तुला ते कळलं पाहिजे. तिच्या जिवाची राखण तू करतेस, मी नाही.

तू आत्ता पेट्रोलसाठी गाडी बाजूला घेतेयस. कालचा कागद आणि हा, दोन्ही एकत्र घडी करून तू पैसे देऊन परत आलीस की तुझ्या हातात ठेवणार आहे, नाहीतर पुढच्या तीस मैलांत माझा धीर सुटेल. तुझ्या डिकीत मी माझी बॅग ठेवली नाही, माझ्या पायाशीच आहे. परतीच्या बसची वेळ मी विचारून घेतली आहे, तू म्हणालीस तर आजच निघेन.

घरी पोचलो की जूनीला उठवू नकोस, मी उचलून वर नेईन, तू परवानगी दिलीस तर.

टपाल तूच काढ.

आई